नाशिकमध्ये शीट फिल्म कुठून आणायची: जुन्या वाड्यांच्या फोटोंचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्या नाशकातले वाडे झपाट्यानं चाललेत हे इथल्या कुणालाच नव्यानं सांगायला नको. तिवंधा, गोरेराम लेन, सराफ बाजार, भांडी बाजार, काजीची गढी या सगळ्या पट्ट्यात दर पावसाळ्याआधी धोकादायक घरांच्या नोटिसा लागतात आणि पावसाळा संपला की एखादी जागा मोकळी झालेली दिसते, त्यात आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं. म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं की जे उभंय त्याचे नीट, मोठ्या निगेटिव्हवर, म्हणजे रोलऐवजी एकेक सुट्या पानासारख्या शीट फिल्मवर, फोटो काढून ठेवायचे. तिघं म्हणजे एक ताई, वास्तुविशारद, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतात. एक सर, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, कॅमेरा त्यांचा. आणि मी, ऑर्डरी, हिशोब आणि फिल्म धुणं माझ्याकडे. नावं मुद्दाम देत नाहीये, दुकानांचीही नाही.

डिजिटल असताना हा खटाटोप कशाला असं बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की वाड्याचा वरचा सज्जा फ्रेममध्ये घ्यायला साधा कॅमेरा वर तिरका करावाच लागतो आणि मग अख्खी इमारत मागे कलल्यासारखी येते. मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यात कॅमेरा सरळच ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची, खांब खांबासारखे उभे राहतात. शिवाय निगेटिव्ह एवढी मोठी की तीच कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढता येते, एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) लागत नाही, आणि चांगली धुतलेली काळीपांढरी निगेटिव्ह कुठल्याही हार्ड डिस्कपेक्षा जास्त टिकते यावर माझा तरी पूर्ण विश्वास आहे.

सरांचा कॅमेरा सागवानी, पितळी कड्यांचा, हाफ प्लेटचा. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. लेन्स पितळेची, साधारण २१० एमएमची, तिला शटर नाही, टोपी काढायची आणि सेकंद मोजून परत लावायची. सोबत पुस्तकासारखे उघडणारे जुने डबल डार्क स्लाइड, म्हणजे अंधारात भरून कॅमेऱ्यामागे लावायचे दुहेरी चपटे कप्पे, मुळात काचेच्या प्लेटसाठी बनवलेले.

अडचण

फिल्म नव्हती, आणि "नव्हती" यात तीन वेगवेगळ्या अडचणी होत्या, त्या सुटायला वेळ लागला कारण आम्ही त्या एकच समजून चाललो होतो. पहिली, हाफ प्लेट मापाची फिल्म आता सहसा दुकानांच्या नेहमीच्या मालात नसते. दुसरी, चार बाय पाच इंच किंवा आठ बाय दहा जी जगभर मिळते ती नाशकात मिळत नाही. तिसरी म्हणजे वेळ: जूनच्या आधी बाहेरचे सगळे फोटो व्हायला हवे होते आणि आम्ही शोध सुरू केला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

एम. जी. रोडच्या आणि मेन रोडच्या फोटोच्या दुकानांत विचारलं तर "चार बाय पाच" म्हणल्यावर समोरचा प्रिंटची साइज समजायचा आणि म्हणायचा, ताई चार बाय सहा काढून देतो की, पेनड्राइव्ह आणलाय का. यात त्यांची काही चूक नाही. अल्बम, फ्रेम, मिनिलॅबचा कागद, इन्स्टंट कॅमेऱ्याची पाकिटं, हा त्यांचा धंदा. एका जुन्या दुकानदारांनी मात्र नीट ऐकून घेतलं, आतून इंदूच्या फिल्मचा रिकामा डबा काढून दाखवला, इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ब्रँड, १९६० साली उभा राहिलेला सरकारी कारखाना, आता बंद. म्हणाले, "मॅडम, हा कारखाना होता तोवर तुम्हाला फिरावं लागलं नसतं."

काय काय पर्याय होते

मुंबईत फोर्टमधल्या विक्रेत्यांना फोन केले. पस्तीस एमएम आणि १२० चे रोल बऱ्यापैकी मिळतात, शीट फिल्म मात्र "ऑर्डरवर". म्हणजे पैसे आधी, माल पुढच्या कन्साइनमेंटला, तारीख नाही. देशातले ऑनलाइन विकणारे एक-दोन जण शीट फिल्म थोडी थोडी आणतात, पण आज दिसली ती उद्या संपते.

परदेशातून थेट मागवायचं तर नावं आहेत. इंग्लंडच्या इलफोर्डची एफपी फोर प्लस आणि एचपी फाइव्ह प्लस, चार बाय पाचमध्ये २५ शीटचा डबा. चेक देशातल्या फोमाची फोमापॅन १००, तिचा डबा ५० शीटचा आणि या सगळ्यांत स्वस्त. कोडॅकची टी-मॅक्स आणि ट्राय-एक्स ३२०, छान पण किंमत वाचून आम्ही पुढे गेलो. आणि इलफोर्ड वर्षातून एकदा ठराविक आठवड्यांत वेगळ्या मापांची ऑर्डर घेतं, डीलरमार्फत, त्यात हाफ प्लेटही असते, पण ती खिडकी उघडेपर्यंत थांबायचं आणि नंतरही माल यायला काही महिने, म्हणजे आमचा पावसाळा हातातून गेला असता.

पाच बाय सात इंची फिल्म घेऊन अंधारात एका बाजूनं पाव इंच आणि दुसऱ्या बाजूनं अर्धा इंच कापली की हाफ प्लेट होते. हा पर्याय कागदावर सगळ्यात सरळ. पण पाच बाय सात मिळणं चार बाय पाचपेक्षाही अवघड, आणि पूर्ण अंधारात महागडी फिल्म कापायला सर तयार नव्हते.

मग एक्स-रे फिल्म. ही कल्पना ताईंची. हॉस्पिटलला लागते तीही चांदीचीच शीट फिल्म, आठ बाय दहा इंचात येते, आणि आठ बाय दहाच्या एका शीटमधून हाफ प्लेटचे बरोब्बर दोन तुकडे निघतात: दहा इंचाच्या बाजूला पावणेपाचचे दोन, आठच्या बाजूला साडेसहाचा एक. शिवाय तिला लाल रंग दिसत नाही म्हणून लाल दिव्यात डोळ्यांनी बघत कापता येते, धुता येते.

शेवटचा पर्याय जुनी, एक्स्पायर झालेली फिल्म, परदेशातले लोक आपल्या फ्रीजमधली विकतात ती.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

आम्ही सुरुवात शेवटच्या पर्यायानं केली, कारण पैसे कमी आणि लगेच मिळत होती. परदेशातल्या एका व्यक्तीकडून चार बाय पाचची जुनी फिल्म मागवली, सरांच्या एका मित्राकडे त्या मापाचे होल्डर (फिल्म भरून कॅमेऱ्याला लावायचे कप्पे) होते, नुसती चाचणी करायची होती. पार्सल आलं तेव्हा बाहेरचं खोकं परत चिकटवलेलं दिसत होतं. पाठवणाऱ्यानं वर "फोटो मटेरियल" एवढंच लिहिलेलं, बिल आत नाही, प्रकाशात उघडू नका अशी एक चिठ्ठीसुद्धा नाही. वाटेत कुणीतरी बघायला उघडलं असणार, आणि शीट फिल्मचा डबा म्हणजे एकात एक बसणारी झाकणं आणि आत काळी पिशवी, उघडणाऱ्याला वाटणार आत काय लपवलंय.

इथे एक गोष्ट चांगली झाली. सरांनी फोटो काढायच्या आधीच डब्यातली एक शीट कॅमेऱ्यात न घालता तशीच धुवायला लावली. ती धुतल्यावर कोरी, जवळपास पारदर्शक निघायला हवी. निघाली ठार काळी. मधली एक, तळातली एक, दोन्ही तशाच. डबा गेला, पण त्या फिल्मवर एकाही वाड्याचा फोटो वाया गेला नाही. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रत्येक डब्यातली एक शीट अशी धुवायची हा नियम तिथून पक्का झाला.

एक्स-रे फिल्मचा शोध

कॅनडा कॉर्नरच्या आसपास एवढी डायग्नोस्टिक सेंटर आहेत की वाटलं आता काय, चालत जाऊन आणू. तिथे दुसरीच गोष्ट कळली. मोठ्या सेंटरमध्ये सगळं डिजिटल झालंय, फिल्म दिसते ती ड्राय लेसर फिल्म, प्रिंटरमध्ये उष्णतेनं उमटणारी, ती कॅमेऱ्यात घालून काही उपयोग नाही. सप्लायरनं आम्हाला आधी तीच दाखवली, डब्यावर मापही तेच आठ बाय दहा. डब्यावर "ड्राय" हा शब्द ताईंनी वाचला म्हणून वाचलो. तेव्हा विचारायचं असेल तर असं विचारा: "डार्करूममध्ये डेव्हलपर-फिक्सरमध्ये धुवायची वेट फिल्म आहे का, आणि ग्रीनची का ब्ल्यूची?" ग्रीन म्हणजे निळ्यासोबत हिरवंही दिसणारी, ब्ल्यू म्हणजे फक्त निळं दिसणारी. हा प्रश्न सप्लायरला लगेच कळतो.

वेट फिल्म अजून लागते ती तालुक्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्यांना, काही जनावरांच्या डॉक्टरांना, आणि सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्यांना, त्यांची इंडस्ट्रियल फिल्म वेगळी आणि बरीच स्लो असते. सिन्नरकडे माल देणाऱ्या एका सप्लायरकडे ग्रीन सेन्सिटिव्ह आठ बाय दहाचा ताजा डबा मिळाला. बिल हवं म्हणल्यावर त्यानं विचारलं, "हॉस्पिटलचं नाव काय टाकू?" ताईंनी सरळ सांगितलं फोटोसाठी पाहिजे, त्यानं ताईंच्याच नावानं बिल केलं आणि पुढच्या वेळी आठवडाभर आधी फोन करा म्हणाला. एका शीटची किंमत इलफोर्डच्या एका शीटच्या जवळपाससुद्धा जात नाही, आणि ही एका शीटमधून दोन निघतात.

दुसरा निर्णय: कॅमेऱ्याची बॅक (फिल्म बसते तो मागचा भाग) बदलायची का

तोवर सर म्हणत होते सगळंच एक्स-रेवर करू. अडचण रंगाची निघाली. जुन्या घरांच्या भिंतींना नीळ घातलेला चुना, आणि त्यावर सागाचे खांब, तुळया, कोरलेल्या महिरपी. ग्रीन एक्स-रे फिल्मला निळं आणि हिरवं दिसतं, लाल-तपकिरी दिसत नाही. पहिल्या निगेटिव्हची प्रिंट काढली तर भिंत पांढरीफेक आणि सागाची महिरप काळ्या डागासारखी, तिच्यावरची वेलबुट्टी, पोपट, काहीच नाही. ताईंना नेमकं कोरीव कामच हवं होतं.

म्हणजे सगळे रंग दिसणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म लागणारच, आणि ती हमखास मिळते ती चार बाय पाचमध्ये. यावर सरांच्या घरी बरीच चर्चा झाली. सर म्हणाले, "कॅमेरा हाफ प्लेटचा असताना एक तृतीयांश जागा वाया कशाला घालवायची?" ताई म्हणाल्या, "सर, जागा वाया जाईल, पण फिल्म संपली तर परत मिळेल. हाफ प्लेटची वाट बघत वर्ष घालवलं तर वाडाच नसेल." मला ताईंचं पटलं आणि आजही पटतं, फिल्म निवडताना ती सहा महिन्यांनी परत मिळेल का हे आधी बघायचं, ती किती सुंदर आहे ते नंतर.

सरांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. तीच लेन्स लहान फिल्मवर वापरली की दिसणारं क्षेत्र कमी होतं, आणि अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नसते. शेवटी वाटणी अशी ठरली की वाड्याचा दर्शनी भाग, गल्ली, दिंडी दरवाजा हे हाफ प्लेटवर, एक्स-रे फिल्मवर. आणि कोरीव काम, चौकातले खांब, कडीपाट हे चार बाय पाचवर, विकतच्या पॅन फिल्मवर. लहान फिल्मचं अरुंद क्षेत्र तपशिलाला अडत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

पंचवटीतल्या एका सुतारानं कॅमेऱ्याच्या मागे बसणारी सागाची चार बाय पाचची बॅक करून दिली. यात सगळ्यात नाजूक भाग म्हणजे घासलेली काच. तुम्ही फोकस काचेवर करता आणि फोटो फिल्मवर पडतो, दोघं एकाच अंतरावर पाहिजेत, आणि चार बाय पाचच्या होल्डरमध्ये फिल्म कडेपासून ०.१९७ इंच आत बसते, म्हणजे पाच मिलिमीटर धरा. सुतारकामात एवढी अचूकता मागणं बरोबर नाही, म्हणून अंबडला टूलरूममध्ये काम करणाऱ्या ताईंच्या भावाकडून डेप्थ गेज आणला, चारही कोपऱ्यांत मोजलं, एका कोपऱ्यात कागदाच्या पट्ट्या घालून काच वर घेतली. पहिल्याच शीटवर खांबाच्या चुन्यातली भेग तीक्ष्ण आली.

जुन्या डार्क स्लाइडमध्ये फिल्म नुसती टिकत नाही, त्या काचेच्या जाडीसाठी आहेत. बाजारात फिल्म सरकवून बसवायचे जुने पत्र्याचे शीथ मिळतात, आम्हाला मिळाले नाहीत. काचेच्या जाडीचा काळा पुठ्ठा कापून फिल्मच्या मागे ठेवला. काळाच हवा, कारण एक्स-रे फिल्मला मागून परतणारा प्रकाश थांबवणारा थर नसतो आणि खिडकीच्या कडा फुलतात. या फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन (प्रकाश टिपणारा थर), त्यामुळे उलटीसुलटी घातली तरी चालते, पण ट्रेमध्ये खालची बाजू घासून ओरखडे पडतात. ट्रेच्या तळाला गुळगुळीत काच ठेवायची आणि एका वेळी एकच शीट. आम्ही तिचा स्पीड ८० आयएसओ धरून एक्स्पोज केली. डी-७६ हे डेव्हलपर घरी बनवलं, एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि एक्स-रेसाठी ते बरंच पातळ करून, नाहीतर कॉन्ट्रास्ट आवरत नाही. केमिकल शाळा-कॉलेजच्या लॅबला माल देणाऱ्याकडून मिळाली, मेटॉल त्यानं मुंबईहून मागवून दिलं. एप्रिलमध्ये नळाचं पाणी इतकं कोमट की डबा बर्फाच्या परातीत ठेवल्याशिवाय तापमान वीसवर येत नाही.

पॅन फिल्मसाठी दोन ऑर्डर दिल्या. एफपी फोर देशातल्या विक्रेत्याकडून, पुण्याच्या दोन फोटोग्राफरांसोबत मिळून, कारण एकत्र आकडा मोठा झाल्यावर त्यानं आमच्यासाठी वेगळे डबे आणायचं कबूल केलं. फोमापॅन युरोपातल्या दुकानातून कुरियरनं. यावेळी दुकानाला आधी मेल केला: बिलावर "अनएक्स्पोज्ड फोटोग्राफिक फिल्म, शीट" असं स्पष्ट लिहा, एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा आकडा) ३७०१ टाका, खरी किंमत लिहा, आणि आतल्या डब्यावर प्रकाशात उघडू नका असं इंग्रजीत मोठं चिकटवा. कुरियर कंपनीनं केवायसी मागितलं, आधार-पॅन दिलं, मग फोन आला की हे नक्की काय आहे. बिल आणि डब्याचा फोटो पाठवला. ड्युटी, टॅक्स आणि त्यांची हाताळणी फी धरून स्वस्त फोमा स्वस्त राहिली नाही, पण डबा न उघडता आला. आणि मागवायची ती फेब्रुवारी-मार्चमध्येच, मे महिन्यात कुठल्या गोडाऊनमध्ये पडून राहील सांगता येत नाही.

निष्पत्ती

पाऊस सुरू व्हायच्या आत यादीतल्या बहुतेक वाड्यांचे दर्शनी फोटो झाले. एक वाडा आमच्या आधीच उतरवला गेला, त्याचं ताईंना फार लागलं. एक्स-रेच्या निगेटिव्हच्या प्रिंटमध्ये आभाळ नेहमी कोरं येतं, लाल विटा काळपट येतात, पण दगडी जोतं आणि दिंडी दरवाज्यावरची लोखंडी फुलं सुरेख येतात.

आतल्या फोटोंत फोमा आणि एफपी फोरमधला फरक कळला. ओसरीच्या आतल्या खांबावर उजेड मोजणारा मीटर १० सेकंद सांगतो. पण एक्स्पोजर लांबलं की फिल्म मंदावते, म्हणून जास्त वेळ द्यावा लागतो. फोमाच्या स्वतःच्या तक्त्यानुसार १० सेकंदांना आठपट, म्हणजे ८० सेकंद द्यावे लागतात. एफपी फोरला इलफोर्डच्या हिशोबानं तेच साधारण १८. घरात माणसं राहतायत, पोरं चौकातून पळतायत, तुळईवर कबुतरं, अशात ऐंशी सेकंद कॅमेरा स्थिर ठेवणं म्हणजे घरच्यांना अडकवून ठेवणं. म्हणून आत एफपी फोर, आणि फोमा चौकातल्या उजेडात, जिथे ती खरंच छान चालते.

काय वेगळं करता आलं असतं

शोध दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवा होता. एकत्र ऑर्डर डिसेंबरात गेली असती तर डबे थंडीत प्रवास करून फ्रीजमध्ये बसले असते आणि जुन्या फिल्मच्या स्वस्त डब्याचा मोह झाला नसता.

बॅक बनवायच्या आधी कुठलं माप कुठे मिळतं याचा तक्ता करायला हवा होता. आम्ही कॅमेरा धरून फिल्म शोधत बसलो. सरांचं मत अजून असं आहे की तो वेळ वाया गेला नाही, कारण एक्स-रे सापडली ती हाफ प्लेटच्या हट्टामुळेच, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही.

फोमाऐवजी दोन्ही ऑर्डरी एफपी फोरच्या केल्या असत्या तर एकच डेव्हलपिंग टाइम, एकच हिशोब, आणि कस्टमचा एक फेरा कमी. स्वस्त डबा बघताना ड्युटीनंतरची किंमत शीटमागे काढून बघायची, डब्यामागे नाही.

आणि एक्स-रे सप्लायरकडून दोन डबे एकाच बॅचचे घ्यायला हवे होते. दुसरा डबा दुसऱ्या कंपनीचा मिळाला, त्याचा स्पीड वेगळा निघाला आणि टोपीचे सेकंद पुन्हा शोधावे लागले. छोटे दवाखानेही डिजिटलकडे जातायत तेव्हा ही फिल्म इथे किती वर्षं मिळेल यावर फार विसंबू नये असं मला वाटतं, म्हणून यावर्षी हाफ प्लेटची इलफोर्डची वार्षिक ऑर्डरही द्यायची ठरलीय. एकट्या आमच्यासाठी एवढे पैसे आधी अडकवणं जड जातं, पुण्याचे दोघं तयार आहेत, आणखी कुणाकडे हाफ प्लेटचा चालू कॅमेरा असेल तर खिडकी उघडायच्या आत आकडा सांगा, म्हणजे डीलरशी बोलता येईल.